मदत हवी आहे: प्रश्नमंजूषेत दोन संघांचे गुण समान झाल्यास निकाल कसा लावावा?

नमस्कार. सोलापुरात आम्ही काही शिक्षक मिळून आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी आंतरशालेय प्रश्नमंजूषा घेतो. तीन-तीन विद्यार्थ्यांचे संघ असतात, लेखी चाळणीतून सहा संघ अंतिम फेरीत येतात, आणि शहरातल्या शाळांबरोबर अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडचे संघही पहाटेची एसटी धरून येतात. बरोबरीचा नियम यंदा नियमपत्रकातच छापायचा असे ठरले आहे. तो काय असावा यावर मात्र आमचे एकमत होत नाही.

गेल्या वर्षीचा प्रसंग आधी सांगतो, कारण चूक आमचीच होती. अंतिम फेरीअखेर दोन संघ १३० गुणांवर बरोबरीत राहिले आणि पत्रकात त्याबद्दल एक ओळही नव्हती. व्यासपीठावरच कुजबुज करून आम्ही ठरवले की एक आकड्याचा प्रश्न विचारावा आणि ज्याचे उत्तर जवळचे तो संघ विजेता. प्रश्न होता, उजनी धरणाची एकूण साठवण क्षमता किती टीएमसी? दोन्ही पाट्यांवर ११७ हाच आकडा आला. ज्या जिल्ह्यात पावसाळाभर सकाळच्या चहाबरोबर उजनीचा साठा वाचला जातो, तिथे हा प्रश्न काढण्याची बुद्धी आम्हाला कशी झाली, कोण जाणे. मग प्रत्येक संघातून एकाने पुढे यावे, असे जाहीर केले. एका संघाने नववीतल्या मुलीला पाठवले. ती विज्ञानाच्या प्रश्नांत फार तयारीची होती, पण चिठ्ठी निघाली क्रिकेटची. टेबलाची कड घट्ट धरून ती मागे आपल्या दोघा साथीदारांकडे पाहत राहिली आणि वेळ संपली. निकालानंतर तिच्या वडिलांनी शांतपणे एवढेच विचारले, "सर, हा नियम कुठे लिहिला होता?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

नियम आधी छापला की काम भागते, असेही नाही. २०१९च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सुपर ओव्हरही बरोबरीत सुटल्यावर चौकार-षटकारांच्या संख्येवर इंग्लंडला विजेते ठरवले. नियम आधीच लिहिलेला होता, तरी तो लोकांना पटला नाही आणि आयसीसीने त्याच वर्षी तो काढून टाकला. म्हणून माझे मत असे की स्पर्धा ज्या गुणाची परीक्षा घेते, बरोबरीही त्याच गुणावर सुटावी, आणि संघाची स्पर्धा शेवटच्या प्रश्नापर्यंत संघाचीच राहावी. एकट्याला पुढे बोलावण्याची पद्धत मी तरी पुन्हा येऊ देणार नाही.

एका सहकाऱ्यांचा आग्रह आहे की ज्या संघाची चुकीची उत्तरे कमी, तो वरचा धरावा. आमच्याकडे उणे गुण नाहीत. त्यामुळे मुले अंदाज बांधून उत्तर देतात, आणि ते द्यावे असे आम्हीच त्यांना सांगतो. मग शेवटी त्याच धाडसाची शिक्षा का द्यायची? आयसीपीसी या महाविद्यालयीन संघांच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेत समान प्रश्न सुटले तर कमी एकूण वेळेचा संघ वर जातो आणि प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाला २० मिनिटांचा दंड लागतो. पण तो दंड अखेर सुटलेल्या प्रश्नांवरच, न सुटलेल्या प्रश्नावरचे फसलेले प्रयत्न मोजले जात नाहीत. शिवाय हे सारे संघांना आधीपासून ठाऊक असते.

माझा खरा गोंधळ दुसऱ्या पर्यायाबाबत आहे. थेट प्रश्नाला १० आणि पुढे सरकून आलेल्या प्रश्नाला ५ गुण, अशी आमची पद्धत आहे. समजा, एका संघाने ११ थेट आणि ४ सरकलेले प्रश्न सोडवले, तर दुसऱ्याने ९ थेट आणि ८ सरकलेले. दोघांचेही १३०. थेट प्रश्न सर्वांना सारखेच मिळतात, म्हणून पहिला संघ वरचा मानावा, असे वाटते. पण सरकलेला प्रश्न म्हणजे आधीच्या संघाला न आलेला प्रश्न, तेव्हा तो सोडवणाऱ्याला कमी का लेखावे? त्यावर प्रतिवाद असा की कच्च्या संघाच्या लगेच पुढच्या क्रमांकावर बसणाऱ्याला असे प्रश्न आपसूकच जास्त मिळतात, आणि बैठकीचा क्रम तर आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवतो. म्हणजे नशीब इथेही आलेच.

लेखी चाळणीत मात्र अडचण नाही. ३० पैकी १० प्रश्नांवर तारांकन करून समान गुण असल्यास तारांकित प्रश्नांतले गुण पाहायचे, एवढे ठरले आहे. संयुक्त विजेते जाहीर करण्यालाही माझी हरकत नाही. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये समान गुणांच्या विद्यार्थ्यांना एकच पदक मिळते, आणि अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेत २०१९ साली तब्बल ८ जण संयुक्त विजेते ठरले होते. आमचा फिरता चषक सहा-सहा महिने वाटून घेता येईल. पुढच्या फेरीसाठी मात्र एकच संघ पाठवता येतो.

तेव्हा अनुभवी सभासदांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बरोबरीतल्या संघांना तिघांनी मिळून लिहायचे पाच निर्णायक प्रश्न दिले, तर ते थेट उत्तरांच्या मोजणीआधी द्यावेत की नंतर? आणि दर फेरीला बैठकीचा क्रम उलटा केल्यास सरकलेल्या प्रश्नांतला अन्याय खरोखर कमी होतो का, हे कोणी प्रत्यक्ष करून पाहिले आहे का? पत्रक महिनाअखेरीस छपाईला जाणार आहे.