सेवा सक्तीची की राजीखुशीची?

हालअपेष्टा सोसून देवाची सेवा करणाऱ्यांपुढे बहुधा दुसरा मार्गच नसतो, असे काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही, कारण आपल्या गोव्यातच त्याचे उत्तर आहे. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले संत जुझे वाझ १६८७ मध्ये श्रीलंकेला गेले, तेव्हा तेथील डच मुलखात कॅथलिक धर्मगुरूंना मज्जाव होता. म्हणून ते मजुराच्या वेशात उतरले आणि दारोदार भीक मागत ख्रिस्ती घरे शोधत राहिले. पुढे कँडी या श्रीलंकेतील स्वतंत्र राज्यात पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. सुटकेनंतर गोव्यात परतून निवांत पाद्रीपण करता आले असते (इथे चर्चला राजाश्रय होता, हे विसरू नये). तरीही १६९७ च्या देवीच्या साथीत, आप्तांनीच टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा करत आणि प्रेते पुरत ते कँडीतच थांबले. कळपाची राखण सक्तीने नव्हे, तर संतोषाने करावी, असे बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे, ते याहून वेगळे काय असणार? मानासाठी केले म्हणावे, तर देऊ केलेले बिशपपदही त्यांनी नाकारले, आणि संतपद जाहीर झाले ते २०१५ मध्ये, मृत्यूनंतर तीनशे वर्षांनी.