'मुंबई नॉयर'मध्ये लालबाग-परळ का नाही?

सातरस्ता
अल्ताफ टायरवाला यांनी संपादित केलेला 'मुंबई नॉयर' (२०१२) हा इंग्रजी कथासंग्रह नुकताच वाचून संपवला. नॉयर म्हणजे गुन्हा आणि शहराची काळी बाजू दाखवणाऱ्या कथा. एक शहर, प्रत्येक कथा त्यातल्या वेगळ्या ठिकाणची, सगळ्या कथा नव्या, असा हा संग्रह ज्या अमेरिकन मालिकेत आला तिचा साचा. २००४ मध्ये ब्रुकलिनपासून ती सुरू झाली. मुंबईच्या खंडात चौदा कथा आहेत. नागपाडा, कामाठीपुरा, लॅमिंग्टन रोड, वाळकेश्वर, वरळी, वर्सोवा, थेट नॅशनल पार्कसुद्धा. लालबाग-परळ मात्र नाही.

हे मला पटत नाही. १९८२ च्या संपाने अडीच लाख गिरणी कामगारांच्या घरातली चूल विझवली. त्यांची पोरं नाक्यावर आली, त्यातली काही टोळ्यांत गेली. मागून गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उठले. माणूस हळूहळू अडकत जातो, कायदा सगळं बघत असतो आणि शेवटी न्याय मिळत नाही. नॉयरला लागतं ते सगळं इथे आहे. हा भाग गाळून शहराची काळी बाजू कशी दाखवणार?

निशाचर
असहमत. प्रत्येक दुःखाची गोष्ट नॉयर होत नाही. गिरणगावावर मराठीत जे लिहिलं गेलं, त्यात बराच काळ लढा आहे, मोर्चा आहे, सामूहिक पराभव आहे. नॉयरचा नायक एकटा असतो आणि त्याचेही हात बरबटलेले असतात. 'नागपाडा ब्लूज'मधला खासगी डिटेक्टिव्ह शॉर्टी गोम्स आठवा. मला तो या संग्रहातला सर्वांत अस्सल माणूस वाटला. चौदा कथांत सगळी मुंबई मावणार नाही. कोणता विभाग राहिला याची यादी करण्यापेक्षा ज्या कथा आहेत त्या जमल्यात का, ते बोलूया.

सातरस्ता
जमल्यात त्या जमल्यातच. टायरवालांची स्वतःची वॉचमनची कथा मला फार आवडली. दिवसभर गेटवर उभ्या माणसाच्या मनात आज कुणीतरी मरणार हे घर करून बसतं, तो ताण शेवटपर्यंत सुटत नाही. पण 'लढा आणि मोर्चा' हे तुमचं म्हणणं गिरणगावाच्या कथा लिहिणाऱ्या जयंत पवारांना लागू पडत नाही. त्यांचं 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हे कथांचं पुस्तक 'मुंबई नॉयर'पूर्वीच आलं होतं आणि २०१२ मध्येच त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नंतरचं 'वरनभातलोन्चा नि कोन नाय कोन्चा' वाचा. गिरण्या बंद पडलेल्या वस्तीतली पोरं आणि गुन्ह्याची त्यांना लागलेली ओढ. यात मोर्चा कुठे आहे?

मीरारोडकर
मला वेगळंच म्हणायचंय. तुम्हा दोघांच्या बोलण्यात मुंबई दादरपलीकडे जातच नाही. या संग्रहात ॲनी झैदी यांची मीरा रोडची कथा आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. १९९२-९३ च्या दंगलींनंतर कितीतरी मुस्लीम कुटुंबं शहर सोडून मीरा रोडला, मुंब्र्याला आली. आजही नाव ऐकून घर नाकारतात. ही भीती संग्रहभर जाणवते आणि तेच त्याचं बळ आहे. माहीमच्या दर्ग्यापाशी घडणारी रियाज मुल्लांची पहिली कथा वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, पुढचं लगेच वाचवेना. गिरणगावावर मराठीत निदान लिहिलं तरी गेलंय. आमच्यावर मराठीत कुणी लिहिलं?

सातरस्ता
मीरारोडकर, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पानोपानी
मला खटकतं ते वेगळं. याच मालिकेतल्या 'दिल्ली नॉयर'मध्ये (२००९) उदय प्रकाश यांची हिंदी कथा इंग्रजीत आणून घेतली होती. म्हणजे नियमाची आडकाठी नव्हती. मग मुंबईच्या वेळी मराठीकडे का पाहिलं नाही? बाबूराव बागूल १९६३ मध्ये 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथासंग्रहातून या शहराचं तळघर उघडून दाखवतात. १९६५ मध्ये नाक्यावरच्या पोरांची गोष्ट सांगणारा भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' येतो आणि गदारोळ होतो. एवढी परंपरा शेजारी असताना सगळंच्या सगळं पुस्तक इंग्रजीत लिहिणाऱ्यांचं, हे मला लागतं.

निशाचर
पानोपानी, दिल्लीचा मुद्दा मान्य. पण पाध्यांना नॉयर म्हणू नका. त्यांच्या पोरांना पश्चात्ताप नाही, भीतीही नाही. ती नाक्यावर मजेत आहेत. आणि दोष एकट्या संपादकाचा नाही. बागुलांचं ते पुस्तक इंग्रजीत यायला २०१८ उजाडलं आणि ते आणलं जेरी पिंटोंनी, ज्यांची माहीम चर्चजवळची कथा याच संग्रहात आहे. २०१२ मध्ये संपादकाच्या हातात इंग्रजी भाषांतर पडलंच नसेल तर तो काय निवडणार? मराठी प्रकाशकांनी तरी एका शहराच्या गुन्हेकथांचा असा संग्रह कधी मनावर घेतला?

पानोपानी
हातात पडायची वाट का पाहायची? संपादकाने मागायचं असतं. नवी कथा हवी होती ना? जयंत पवार तेव्हा मुंबईतच होते, लिहिते होते. एक फोन पुरला असता.

मीरारोडकर
मराठीत असा संग्रह निघालाच तर लालबाग घ्या, परळ घ्या. पण मुंब्रा, नालासोपारा, मानखुर्द यांनाही जागा ठेवा, आणि तिथल्याच माणसाला लिहायला सांगा.