विषय: ट्रेलरसाठी सोलापुरी चादरी

नमस्कार मंडळी,
गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेसाठी, सोलापूरला आलोय. इथे होम मैदानावर रात्री साधा स्वेटर पुरतो, आणि महिनाअखेरीस कॅल्गरीला परतून आम्हा दोघांना ट्रेलरमध्येच, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, राहायचंय, उणे 25 मध्ये. आई म्हणते, चादरी ने. आठ-दहा आणून सगळ्या खिडक्यांना ठोकाव्यात म्हणतो. शिवाय प्रोपेन गॅस वाचवायला त्यावर चालणारा, ट्रेलर गरम ठेवणारा फर्नेस बंद ठेवून 1500 वॉटचे दोन इलेक्ट्रिक हीटर लावले तर?

---

अरे, चादरी जरूर आण, पण काचेवर लावू नकोस. तुमचा श्वास, फोडणी, आंघोळ, सगळी वाफ चादरीमागच्या गार काचेवर जमते. पहिल्या हिवाळ्यात मी हेच केलं. सकाळी चादर पिळून काढावी लागायची, आणि मग बुरशी. काचेला आतून श्रिंक फिल्म, म्हणजे गरम हवेने आक्रसणारं पातळ प्लॅस्टिक, लाव, हेअर ड्रायरने ताणून. चादर दाराला पडदा म्हणून छान. गादीखाली मात्र लाकडी पट्ट्या टाक, तिथेही ओल धरते.

फर्नेस बंद ठेवायचा विचार सोड. बऱ्याच ट्रेलरांत त्याचीच गरम हवा खाली टाक्या-पाइपांपाशी जाते. हीटरने खोली उबदार झाली की थर्मोस्टॅट फसतो, फर्नेस लागतच नाही, आणि तू वर चहा पीत असताना खाली पाणी गोठतं. आणि 120 व्होल्टवर दोन हीटर म्हणजे 25 ॲम्पियर. जोडणी 30 ची असेल तर मायक्रोवेव्ह लावताच ब्रेकर पडेल. एकच लाव, तोही मदतीला.

खरा पैसा खाली घाल. घराला जोतं असतं, ट्रेलर चाकांवर अधांतरी, पोटाखालून वारा. 2 इंची फोम बोर्ड कापून चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लाव, फटी टेपने बुजव. फर्नेसचं धूर सोडणारं तोंड तेवढं उघडं ठेव. धुराड्याविना चालणारा प्रोपेन हीटर आत नकोच: 1 किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून जास्त पाणी हवेत येतं, वर कार्बन मोनॉक्साइडची भीती. त्याचा अलार्म आहे ना? तपास.

---

काका, अलार्म आहे, पण जुना. आल्या आल्या बदलतो. आता दोनच चादरी घेतो, उरलेल्या बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. सांडपाण्याची झडप उघडीच ठेवू ना?

---

बंद! टाकी भरली की एकदम सोड. थेंब थेंब गेलं तर पाइपात बर्फाचा दांडा होतो. चटणी जरा जास्त आण.