जर्मनीत सिग्नलला मागून गाडी ठोकली, समोरच्याची इन्शुरन्स कंपनी घाई करतेय. काय करू?

सातारकर_स्टुटगार्ट
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. गेल्या आठवड्यात झिंडेलफिंगेनला सिग्नलला आमची गाडी उभी होती आणि मागून एकाने येऊन धाडकन ठोकली. नवरा चालवत होता, मी बाजूला, मागे माझे आईबाबा, ते सध्या इकडे आलेत. पोलीस आले, दोघांचे कागद बघितले, त्या माणसाने जागेवरच चूक मान्य केली, आम्हाला केस नंबरची चिठ्ठी दिली आणि गेले. बंपर आत गेलाय, डिकी नीट लागत नाही, पार्किंग सेन्सर मागे काही नसताना बोंबलत राहतो. गाडी चार वर्षांची आहे, सगळं सर्व्हिसिंग कंपनीच्या शोरूमलाच केलंय.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या इन्शुरन्स कंपनीतून फोन. बाई फार गोड बोलत होत्या, तुम्ही काहीच करू नका, आमचा माणूस येऊन गाडी बघेल, आमच्या गॅरेजला नेऊ, तोवर दुसरी गाडी देऊ, फक्त आत्ता फोनवर हो म्हणा. माझं जर्मन कामापुरतं आहे, इन्शुरन्सचं जर्मन डोक्यावरून जातं, म्हणून नंतर कळवते म्हटलं. आता रोज फोन येतोय. नवरा म्हणतो आपण परक्या देशात ब्लू कार्डवर, वकील वगैरे केला तर व्हिसाच्या फायलीत काही लागेल का. आणि आईची मान दुखतेय पण ती म्हणते बाम लावला की होईल. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

नेकारकाठचा
ताई, हो म्हणाला नाहीत हे फार बरं केलंत, आणि म्हणूही नका. ती कंपनी त्या माणसाची आहे, तुमची नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. त्यांचा माणूस गाडी बघणार म्हणजे ज्याने पैसे द्यायचेत तोच किती द्यायचे ते ठरवणार. इथल्या दिवाणी कायद्यात, म्हणजे बीजीबीचं कलम २४९, ज्याने नुकसान केलं त्याने गाडी अपघाताआधी होती तशी करून द्यायची, आणि त्यासाठी स्वतःचा गुटआख्टर, म्हणजे नुकसान मोजणारा तज्ज्ञ, नेमायचा हक्क तुमचा. त्याची फी समोरच्याची कंपनी भरते. नुकसान अगदी किरकोळ असेल, साधारण ७५० ते १००० युरोच्या खाली, तरच नुसतं गॅरेजचं कोटेशन पुरतं. तुमची डिकी लागत नाही म्हणजे आतला पत्रा वाकलाय, हे त्याच्या बरंच वर जाणार.

वकिलाचंही तसंच. चूक शंभर टक्के समोरच्याची असेल तर वकिलाची फी पण त्याचीच कंपनी देते. फाखआनवाल्ट फ्युअर फेरकेअर्सरेष्ट असं पाटीवर लिहिलेला शोधा, हे लोक वाहतुकीच्याच केसेस करतात. व्हिसाचं मनातून काढून टाका, हा दिवाणी मामला आहे, आउसलेंडरबेहोर्डेचा, म्हणजे परदेशी लोकांचे व्हिसा बघणाऱ्या ऑफिसचा, याच्याशी काही संबंध नाही. पासपोर्ट कुठला आहे यावर भरपाई कमी जास्त होत नाही.

पत्रा_आणि_पॉलिश
मी इथे एका गुटआख्टरच्या ऑफिसात काम करते म्हणून थोडं सविस्तर लिहिते. गुटआख्टर स्वतः निवडा पण नुसती पाटी बघून निवडू नका, झाखफेरश्टेंडिगर म्हणजे तज्ज्ञ हे नाव इथे कोणीही लावू शकतो, त्यापुढे ओफेंटलिष बेश्टेल्ट उंट फेरआयडिक्ट असेल तर तो सरकारमान्य शपथेचा माणूस. तो सही घेईल त्यात एक आबट्रेटुंग असते, म्हणजे फी परस्पर कंपनीकडून घ्यायची मुभा. वाचून सही करा, घाबरण्यासारखं काही नसतं.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी आहेत का बघा. दुरुस्तीचा खर्च, वेर्टमिंडरुंग आणि दुरुस्तीला लागणारे दिवस. वेर्टमिंडरुंग म्हणजे दुरुस्त झाली तरी अपघाती गाडी म्हणून विकताना किंमत पडते ती, चार वर्षांच्या गाडीला हे मागायलाच हवं, आणि फोनवरच्या गोड बाई हे आपणहून कधी काढत नाहीत. दिवस का महत्त्वाचे, तर गाडी गॅरेजला असेल तेवढे दिवस एकतर भाड्याची गाडी घ्या नाहीतर नुत्सुंग्सआउसफाल, म्हणजे गाडी वापरता न आल्याची भरपाई, मागा, गाडीच्या वर्गाप्रमाणे दिवसाला २३ ते १७५ युरो बसतात. दोन्ही एकत्र नाही मिळत. आईबाबा आलेत, फिरायचंय, तर भाड्याची गाडी बरी, पण अपघातवाल्यांसाठीचा खास महागडा दर लावणारे असतात, तो घेऊ नका, साधा दर घ्या, नाहीतर वरचा फरक तुमच्या गळ्यात.

रिपोर्ट पाठवल्यावर काय येतं तेही सांगते. कंपनी तो एका प्रूफफर्मकडे, म्हणजे रिपोर्ट तपासणाऱ्या फर्मकडे, देते आणि तुम्हाला पानभर कापाकापी येते, प्रूफबेरिष्ट म्हणतात. कंपनी म्हणते, शोरूमचा तासाचा दर जास्त, आमच्या ओळखीच्या गॅरेजचा कमी, तो धरा. रंगाच्या वर्कशॉपला गाडी न्यायचा खर्च उडवला. पार्टसवरचा जादा आकार उडवला. लोक कागद बघून गप्प बसतात. पण तुमची गाडी सगळी शोरूमला सर्व्हिस झालीय ना, ती सगळी बिलं जपून ठेवा, अशा गाडीला ते स्वस्तातल्या गॅरेजकडे ढकलू शकत नाहीत, सुप्रीम कोर्टाचे म्हणजे बीजीएचचे निकाल आहेत यावर. आणि दुरुस्त न करता नुसते पैसे घ्यायचे असतील तर तेही चालतं पण मग १९ टक्के टॅक्स वजा होऊनच मिळतात.

डॉक्टरीण_उल्म
गाडीचं वर सांगितलंय, मी आईंचं सांगते आणि कळकळीने सांगते. आज डॉक्टरकडे न्या. मागून ठोकल्यावर मानेला झटका बसतो, बऱ्याचदा दुसऱ्या तिसऱ्या दिवशीच जाणवतो, वय असेल तर जास्तच. बाम लावा पण आधी तपासणी. तपासणारा जो आटेस्ट म्हणजे दाखला लिहून देईल त्यावर अपघाताची तारीख आणि काय सापडलं ते स्पष्ट हवं. नंतर गेलात तर हे दुखणं अपघाताचं कशावरून असं विचारतात.

आई पाहुण्या म्हणून आल्यात, इथला क्रांकेनकासे म्हणजे आरोग्य विमा नाही, म्हणजे बिल हातात येईल. ते भरा, पावती ठेवा, भारतातून काढलेल्या ट्रॅव्हल इन्शुरन्सलाही लगेच कळवा. पण मुळात ते बिल समोरच्याच्या हाफ्टफ्लिश्टकडूनच, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरणाऱ्या विम्याकडूनच, वसूल करायचं आहे. गाडीत बसलेला प्रत्येक माणूस, मग तो टुरिस्ट व्हिसावर का असेना, स्वतःच्या नावाने भरपाई मागू शकतो, आणि दुखापतीबद्दल श्मेर्ट्सेन्सगेल्ड वेगळं. आई भारतात परतल्या तरी क्लेम थांबत नाही, जाण्याआधी वकिलाच्या नावाने फोलमाख्टवर म्हणजे अधिकारपत्रावर सही घेऊन ठेवा. हे सगळं आईंना समजावून सांगा, आपली माणसं त्रास नको म्हणून दुखणं लपवतात.

सोपा_मार्ग
मला थोडं वेगळं वाटतं. माझं असंच झालं होतं, मी कंपनीचं गॅरेज घेतलं, गाडी घरून नेली, घरी आणून दिली, काम चांगलं होतं, मला एक कागद भरावा लागला नाही. नोकरी, लहान मुलं, त्यात वकिलाच्या चकरा, हे सगळ्यांना झेपत नाही.

नेकारकाठचा
@सोपा_मार्ग, नुसता बंपरला ओरखडा असेल तर पटतं. पण वेर्टमिंडरुंग मिळाली का तुम्हाला? आणि इथे माणूस दुखावलाय, तिथे सोय बघून चालणार नाही. वकिलाच्या चकराही नसतात हो, सगळं ईमेलवर होतं, फोटो पाठवायचे, फोलमाख्टवर सही, पुढचे फोन त्यांनी घ्यायचे.

सोपा_मार्ग
नाही मिळाली, मला ते माहीतच नव्हतं. आईंच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे.

कोल्हापुरी_म्युनिक
बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी पण लिहितो. अपघात झाला की जागेवर मी चुकलो असं लिहून द्यायचं नाही, कोणी कितीही दरडावलं तरी. युरोपियन अपघात फॉर्म गाडीत ठेवा, त्यात फक्त काय घडलं ते भरायचं. समोरच्याच्या गाडीचा नंबर असेल तर झेंट्रालरूफला ०८०० २५० २६०० वर फोन करा, ते कुठली कंपनी आहे ते सांगतात. स्वतःच्या कंपनीलाही आठवड्याच्या आत कळवायचं, चूक आपली नसली तरी, त्याने एसएफ क्लास, म्हणजे क्लेम न केल्याच्या सवलतीचा वर्ग, खाली येत नाही. आपल्या फोलकास्कोमधून, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या पूर्ण विम्यातून, पैसे घेतले तर मात्र येतो.

उभ्या गाडीला घासलं तर चिठ्ठी लावून निघून जाऊ नका, इथे तो गुन्हा धरतात, थांबा, नाहीतर पोलिसांना कळवा. आणि भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं, पुढे जर्मन लायसन्सच लागतं, लेखी आणि गाडी चालवायची दोन्ही परीक्षा देऊन. मुदत संपल्यावर चालवली आणि अपघात केला तर फौजदारी तर होतेच, वर आपलीच कंपनी ५००० युरोपर्यंत आपल्याकडून वसूल करू शकते. नवीन आलेल्या पोरांना हे कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सातारकर_स्टुटगार्ट
खूप खूप आभार सगळ्यांचे. आईला दाखवून आणलं, मानेचे स्नायू आखडलेत, हाड ठीक आहे, आटेस्ट मिळालं, अपघाताची तारीख मी समोर बसून लिहून घेतली. गुटआख्टर उद्या येतोय. कंपनीच्या बाईंना ईमेल टाकली की इथून पुढे लेखीच बोलू, तेव्हापासून फोन बंद आहेत. एकच विचारायचंय, पैसे यायला किती वेळ लागतो? आणि आम्ही पुढच्या वर्षी कायमचे पुण्याला परत जायचा विचार करतोय, तोवर नाही मिटलं तर?

पत्रा_आणि_पॉलिश
कागद पूर्ण गेल्यावर कंपनीला तपासायला चार ते सहा आठवडे देतात, त्याच्या पुढे ओढलं तर वकील कोर्टात जाऊ शकतो. क्लेमची मुदत तीन वर्षांची, आणि ती ज्या वर्षी अपघात झाला ते वर्ष संपल्यापासून मोजतात, म्हणजे पुण्याला गेलात तरी भरपूर वेळ आहे. फक्त जर्मन बँकेचं खातं लगेच बंद करू नका आणि पुण्याचा पत्ता वकिलाला देऊन ठेवा. उद्या गुटआख्टर आला की त्याला डिकीखालचा स्पेअर चाकाचा खळगा उघडून बघायला सांगा, तिथला पत्रा सुरकुतला असेल तर बाहेरून दिसत नाही आणि रिपोर्टमध्ये राहून जातो.