डीएफसॉर्ट (आयबीएम मेनफ्रेमवरचं सॉर्टिंगचं साधन): रेकॉर्डचा ठरावीक भागच बदलायचाय, बाकीचा जसाच्या तसा हवा

विश्रामबागकर (सांगली)
एफबी (ठरावीक लांबीच्या रेकॉर्डची) फाइल आहे, एलआरईसीएल (रेकॉर्डची लांबी) 120 बाइट. 1 ते 4 शाखा कोड, 41 ते 60 गाव, 61 ते 66 पिन, 67 ते 71 थकीत शुल्क (कॉम्प-3, म्हणजे पॅक्ड डेसिमल किंवा पीडी: एका बाइटमध्ये दोन अंक). शाखा 0417 इस्लामपूरहून सांगलीला हलली. तेवढ्याच रेकॉर्डमध्ये गाव बदलायचं, पिन 415409 चा 416416 करायचा आणि शुल्क शून्य करायचं.
आउटरेक (रेकॉर्डची नवी मांडणी सांगणारं विधान) फील्ड्स=(61:सी'416416') दिलं, तर आधीचे 60 बाइट कोरे, मग पिन, आणि रेकॉर्ड 66 बाइटवर संपला. एवढ्यासाठी कोबॉल लिहायचं का?

कृष्णाकाठ (कराड)
कोबॉल कशाला! फील्ड्स काय किंवा बिल्ड काय, दोन्ही रेकॉर्ड नव्यानं बांधतात. जे लिहिलं नाही ते गेलं. तुम्हाला ओव्हरले हवंय, ते दिलेल्या जागाच बदलतं. आणि इफदेन, म्हणजे अट जुळलेल्या रेकॉर्डपुरताच बदल. इथे देवनागरीत देतोय, कार्डात (सॉर्टला द्यायच्या सूचनांत) सगळं रोमन कॅपिटलमध्ये टाका:

ऑप्शन कॉपी
इनरेक इफदेन=(व्हेन=(1,4,सीएच,इक्यू,सी'0417'),
ओव्हरले=(41:सी'सांगली',14एक्स,
61:सी'416416',
67:+0,टीओ=पीडी,लेंग्थ=5))

14एक्स (14 ब्लँक) विसरू नका. ओव्हरले दिलेल्या लांबीपुरतंच लिहितं. रोमनमध्ये इस्लामपूरची अक्षरं 8, सांगलीची 6. मागे ब्लँक भरले नाहीत तर जुन्या नावाचं 'यूआर' सांगलीला चिकटून राहतं. 6 आणि 14 मिळून फील्डचे 20 झाले पाहिजेत.

शुल्काच्या जागी सी'00000' अजिबात नको. ते कॅरेक्टर शून्य, म्हणजे हेक्समध्ये एफ0 पाच वेळा. शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह असायला हवं, तिथे 0 येतो. सॉर्ट बिनबोभाट शून्य रिटर्न कोड देतो आणि पुढचा कोबॉल प्रोग्राम एस0सी7 नं (चुकीच्या अंकीय डेटाच्या एररनं) आपटतो. मग सगळे त्या प्रोग्राममध्येच चूक शोधत बसतात.

कार्ड दुसऱ्या कॉलमपासून सुरू करा, 71 च्या आत ठेवा. ओळ स्वल्पविरामावर तोडली की पुढची ओळ आपोआप जोडली जाते.

अजिंक्यतारा (सातारा)
वरचं बरोबर आहे, फक्त दोन गोष्टींची भर.

इनरेक सॉर्टच्या आधी चालतं, आउटरेक नंतर. कॉपीत फरक पडत नाही. पण उद्या याच जॉबमध्ये गावानुसार सॉर्ट लावलात, तर इनरेकमध्ये नव्या नावानं क्रम लागेल आणि आउटरेकमध्ये जुन्या. कुठला हवा ते आधी ठरवा.

दुसरं, इफदेनची एक अट जुळली की त्या रेकॉर्डसाठी पुढच्या इफदेन बघितल्याच जात नाहीत. एकाच रेकॉर्डवर दोन अटी लागू करायच्या असतील तर पहिलीत हिट=नेक्स्ट द्या.

आणि सॉर्टइन (इनपुट), सॉर्टआउट (आउटपुट) दोन्हीला एकच डेटासेट देऊ नका राव. नवीन जीडीजी जनरेशनमध्ये (त्याच नावाच्या डेटासेटच्या पुढच्या आवृत्तीत) काढा, हेक्स ऑन करून 67 ते 71 बघा, मग पुढे.

विश्रामबागकर (सांगली)
चाललं, शुल्काच्या शेवटी सी (धन) चिन्ह दिसतंय. याच मांडणीची एक व्हीबी (बदलत्या लांबीच्या रेकॉर्डची) फाइलही आहे. तिथे हेच कार्ड चालेल?

कृष्णाकाठ (कराड)
नाही. व्हीबीत पहिले 4 बाइट आरडीडब्ल्यूचे (त्यात रेकॉर्डची लांबी असते), त्यामुळे प्रत्येक जागा चारानं पुढे: शाखा 5, गाव 45, पिन 65, शुल्क 71 ते 75. खरी अडचण आखूड रेकॉर्डची. ओव्हरलेची जागा रेकॉर्डच्या शेवटापलीकडे गेली तर सॉर्ट मधे ब्लँक भरून रेकॉर्डच लांबवतो, आणि जिथे शुल्क नव्हतंच तिथे शून्य शुल्क उगवतं. म्हणून अटीत लांबीही तपासा (1,2,बीआय म्हणजे आरडीडब्ल्यूतली लांबी, जीई म्हणजे तेवढी किंवा जास्त):

व्हेन=(1,2,बीआय,जीई,+75,अँड,5,4,सीएच,इक्यू,सी'0417')

75 पेक्षा आखूड रेकॉर्ड मग आहेत तसेच राहतील. त्यांत गाव-पिन असतील तर त्यांच्यासाठी वेगळं इफदेन लिहा, शुल्क वगळून, लांबीची अट 70 ठेवून. ते या इफदेनच्या खालीच ठेवा, वर नको.