असामोआ ग्यानची कारकीर्द: सल त्या पेनल्टीची की अल ऐनला जाण्याची?

पलीकडचा गोल (धागाकर्ता)

घानाचा आघाडीपटू असामोआ ग्यान जून 2023 मध्ये निवृत्त झाला, तरी त्याचे नाव निघाले की गाडी 2 जुलै 2010 च्या जोहान्सबर्गवरच येऊन थांबते. उरुग्वेविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात जादा वेळ संपता संपता घानाच्या आदियाचा हेडर उरुग्वेच्या सुआरेझने गोलरेषेवर हाताने अडवला, त्याला लाल कार्ड मिळाले आणि ग्यानची पेनल्टी क्रॉसबारला लागून वर गेली. ती आत गेली असती तर विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठणारा घाना हा पहिला आफ्रिकी संघ ठरला असता. त्या फटक्याबद्दल मी त्याला दोष देत नाही, कारण काहीच मिनिटांनी शूटआउटमधली (बरोबरीनंतरच्या पेनल्टींच्या फेरीतली) घानाची पहिली पेनल्टी घ्यायला तोच पुढे आला आणि त्याने गोल केला.

माझा आक्षेप सप्टेंबर 2011 बद्दल आहे. सन्डरलँड या इंग्लिश क्लबने त्याला त्या विश्वचषकानंतर क्लबच्या इतिहासातली तोवरची सर्वाधिक रक्कम मोजून घेतले होते. पहिल्याच हंगामात त्याने प्रीमियर लीगमध्ये 10 गोल केले, चेल्सीच्या मैदानावर 3-0 असा विजय मिळाला त्यातही त्याचा एक गोल होता, आणि संघातला दुसरा आघाडीपटू डॅरेन बेंट जानेवारीत निघून गेल्यावर आक्रमणाची भिस्त त्याच्यावरच आली. असे सगळे जुळून येत असताना वयाच्या 25 व्या वर्षी तो अमिरातीतल्या अल ऐनकडे, आधी लोनवर (तात्पुरता, उसना खेळाडू म्हणून) आणि पुढे कायमचा, निघून गेला. ज्या वयात आघाडीपटू खऱ्या अर्थाने पिकतो ती वर्षे त्याने अशा लीगमध्ये काढली, जिथे दर आठवड्याला कस लागत नव्हता.

मधली फळी

आपली मांडणी नेटकी आहे, पण निष्कर्ष पटला नाही. अल ऐनमुळे त्याच्या खेळाला गंज चढला असे मानायचे, तर 2014 चा विश्वचषक कसा समजावून सांगणार? तेव्हा तो अल ऐनचाच खेळाडू होता आणि घानाचा कर्णधारही. फोर्टालेझामध्ये त्याने जर्मनीविरुद्ध केलेल्या गोलमुळे घाना 2-1 ने पुढे गेला. पुढे जर्मनीच्या क्लोजने बरोबरी साधली, तरी त्या स्पर्धेत अखेर जगज्जेत्या ठरलेल्या जर्मनीशी खेळून न हरलेला घाना हा एकमेव संघ. पाठोपाठ पोर्तुगालविरुद्ध गोल करून त्याने विश्वचषकातली गोलसंख्या 6 वर नेली आणि कॅमेरूनच्या रॉजर मिलाचा 5 गोलांचा आफ्रिकी विक्रम मोडला. हे दोन्ही गोल चालू खेळातले होते, पेनल्टीचे नव्हते. त्याच वर्षी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे 12 गोल त्याचेच होते. घानासाठीचे 51 गोल हा आजही त्या देशाचा विक्रम आहे. आता आणखी कोणता कस लावायचा?

पलीकडचा गोल

राष्ट्रीय संघातल्या कामगिरीबद्दल वाद नाहीच. माझा मुद्दा असा, की मोठ्या क्लबचा मंच हाताशी नसला की चूक पुसायला दुसरी जागा उरत नाही. 2012 च्या आफ्रिका चषकात झांबियाविरुद्ध उपांत्य सामन्यात ग्यानची पेनल्टी अडवली गेली आणि घाना 0-1 ने हरला. त्याच झांबियाविरुद्ध अंतिम सामन्यात आयव्हरी कोस्टच्या द्रोग्बाने पेनल्टी बारवरून मारली आणि त्याच्या संघाने चषक गमावला. मात्र तीन महिन्यांनी म्युनिकमध्ये युरोपीय क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात चेल्सीला बरोबरीत आणणारा हेडर आणि शूटआउटमधली निर्णायक पेनल्टी द्रोग्बाचीच होती, त्यामुळे त्याच्या त्या चुकीची आज कोणी आठवणही काढत नाही. ग्यानने अशी संधी मिळण्याची शक्यताच स्वतःहून सोडून दिली.

वाळूचे मैदान

ही तुलनाच मुळात गैरलागू वाटते. द्रोग्बा चेल्सीत होता. ग्यान सन्डरलँडमध्ये होता, आणि सन्डरलँड म्युनिकच्या वाटेवर होते असे तर आपणही म्हणणार नाही. फार तर गुणतक्त्यात मधोमध राहणाऱ्या संघासाठी हंगामाला दहाबारा गोल, एवढेच पुढ्यात होते. त्याऐवजी त्याने अल ऐनला तीन लीग विजेतेपदे मिळवून दिली. घानाची राजधानी आक्रा इथल्या लिबर्टी प्रोफेशनल्स क्लबमधून कोवळ्या वयात इटलीला गेलेल्या आणि खेळावरच सारे घर उभे करणाऱ्या मुलाने उत्तम मोबदला स्वीकारला, यात गैर काय? युरोपातल्या खेळाडूने हेच केले की आपण त्याला व्यवहारचातुर्य म्हणतो.

आणखी एक. चुकलेल्या पेनल्टींनंतर आईने त्याला यापुढे पेनल्टी घेऊ नकोस असे विनवले होते, आणि 2012 मध्ये ती गेली. असे ओझे घेऊन खेळणारा हा माणूस 2015 च्या आफ्रिका चषकात मलेरियामुळे पहिल्या सामन्याला मुकला, आणि दुसऱ्याच सामन्यात अल्जीरियाविरुद्ध भरपाई वेळेत गोल करून त्याने घानाला जिंकून दिले.

मधली फळी

2019-20 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडकडून खेळताना इंडियन सुपर लीगमध्ये आपल्याकडच्या प्रेक्षकांनीही त्याला पाहिले. तोवर वेग सरला होता आणि दुखापतीने हंगामही अर्ध्यावर राहिला, पण पाठीमागे बचावपटू घेऊन चेंडू छातीवर झेलायची आणि त्याच हालचालीत वळायची हातोटी कायम होती. ज्यांनी त्याला फक्त 2010 च्या त्या एका फटक्यात पाहिले आहे, त्यांनी ते सामने जरूर पाहावेत.

पलीकडचा गोल

पाहिले आहेत, आणि म्हणूनच हळहळ वाटते. तीच हातोटी त्याने 26 ते 30 या वयात इंग्लंड किंवा जर्मनीत दर शनिवारी दाखवायला हवी होती, एवढेच माझे म्हणणे आहे. मोबदल्याबद्दलचा आपला मुद्दा मान्य, पण त्याने माझा आक्षेप दूर होत नाही.