सवाई गंधर्व महोत्सव: शनिवार-रविवारचं नियोजन कसं करावं?

शुद्धसारंग: आईला घेऊन नाशिकहून पुण्याच्या सवाईला, म्हणजे या शास्त्रीय संगीत महोत्सवाला, यायचंय. वय ७१, गुडघे दुखतात. शनिवार आणि रविवार एवढेच दिवस जमतील. भारतीय बैठक (जमिनीवर बसायची जागा) घ्यावी की खुर्ची? आवाज कुठून नीट ऐकू येतो? जमलं तर पुण्यात एक नाटकही बघायचंय.

खर्जातला: आईंसाठी खुर्चीच घ्या. बैठकीत सलग पाच-सहा तास मांडी घालून बसावं लागतं, टेकायला काही नसतं आणि एकदा उठलं की दाटीवाटीतून परत जागेवर पोचणं अवघड होतं. आवाजासाठी अगदी पुढची जागा धरायचा अट्टहास नको. कडेला बसलात तर त्या बाजूच्या स्पीकरचाच आवाज कानावर येतो. मांडवात मध्यभागी जिथे ध्वनिसंयोजकाचं टेबल असतं, त्याच्या थोडं पुढे बसा. तो माणूस तिथूनच ऐकून आवाज बसवत असतो, त्यामुळे गळा, तंबोरा आणि तबला यांचा तोल तिथे सर्वांत चांगला मिळतो.

मांडव बाजूंनी मोकळा असतो. डिसेंबरात आठनंतर चांगलंच गार पडतं, म्हणून शाल, कानटोपी आणि पायमोजे यांपैकी काहीही विसरू नका.

कोमल_रिषभ: दोन दिवस चांगले निवडलेत. सवाई एरवी दुपारी सुरू होऊन रात्री दहाला संपतो, कारण ध्वनिक्षेपकाला तेवढ्याच वेळेपर्यंत परवानगी असते. राग वेळेनुसार गातात, त्यामुळे दुपारच्या भीमपलास, मुलतानीपासून संध्याकाळच्या मारवा-पूरियापर्यंत आणि पुढे यमन, बिहाग, बागेश्री असाच पट्टा ऐकायला मिळतो. शनिवारी बहुतेक वेळा बारापर्यंत परवानगी असते, तेव्हा मालकंस, दरबारी अशा उशिराच्या रागांची शक्यता. रविवार बाराच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे सारंगाचे प्रकार (दुपारचे राग) हवे असतील तर पहिल्या कलाकारापासून हजर राहा. वेळा दरवर्षी थोड्या बदलतात, कार्यक्रमपत्रिका बघूनच ठरवा.

उठायचं असेल तर दोन कलाकारांच्या मधल्या वेळात. विलंबित ख्यालाची बढत (संथ लयीत राग हळूहळू उलगडणं) चालू असताना उठलात तर पुन्हा धागा सापडत नाही, शिवाय मागच्यांचाही रसभंग होतो. रात्री हा मधला वेळ लांबतो. दमट गार हवेत तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैलावते, स्वर उतरतो आणि तबलजींना गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून पुन्हा सुरात आणावं लागतं. घाई नको, ते नीट झालं तरच पुढचा तास सुखाचा जातो.

तिसरी_घंटा: नाटक शनिवारीच बसवा. बालगंधर्व रंगमंदिराला दुपारी साडेबाराचा प्रयोग असेल तर तीनच्या आसपास सुटतो. तिथून संभाजी उद्यान स्थानकावरून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला बदलून स्वारगेट आणि पुढे मुकुंदनगरला सवाईच्या मांडवापर्यंत रिक्षा. गाडीने जाण्यापेक्षा हे बरं, शनिवारी स्वारगेट चौकातच अर्धा तास जातो. पहिल्या कलाकाराचा आरंभ कदाचित चुकेल, तेवढं गृहीत धरा. रविवारी मात्र नाटक नकोच.

तिकीट काढताना बाल्कनी टाळा, जिने चढावे लागतात. तळमजल्यावर वाटेलगतची खुर्ची घ्या, म्हणजे आईंना पाय लांब करता येतील. आणि ज्यांच्या नावाने हा महोत्सव आहे ते गायक सवाई गंधर्व स्वतः संगीत रंगभूमीवर स्त्री-भूमिका करायचे, तेव्हा नाटक संगीत असेल तर तेच निवडा.

शुद्धसारंग: सर्वांचे आभार. रेकॉर्डिंग केलेलं चालतं का?

खर्जातला: नाही. मोबाइल बंद करून पिशवीत ठेवा, अंधारात एक पडदा उजळला तरी मागच्या चार रांगांचं लक्ष उडतं.